मुद्देमालाचा छंद

विंडसरच्या राजवाड्यात बंदुकीची एक गोळी जपून ठेवलेली आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ट्राफल्गारच्या आरमारी झुंजीत, एका फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून कोणा अनामिक शिपायाने ती झाडली. ती नेल्सनच्या डाव्या खांद्यातून आत शिरून पाठीच्या कण्यात रुतली. आणि ‘व्हिक्टरी’वरील शस्त्रवैद्य विल्यम बीटी याने पुढे ती देहातून काढली, तेव्हा त्या आरमारप्रमुखाच्या गणवेशावरील सोनेरी जरीचे धागे तिला चिकटलेले आढळले. बीटीने ती आमरण आपल्यापाशी बाळगली व त्याच्या पश्चात ती व्हिक्टोरिया राणीकडे आली. आता निव्वळ गोळी म्हणून पाहू गेल्यास तिच्यात दुर्मीळ असे काहीही नाही. त्या एका दुपारी तशा सहस्रावधी गोळ्या उडाल्या. शिसे तेच, ओतण्याची रीत तीच, आणि बहुतेक सर्व समुद्राच्या तळाशी गेल्या. दिल्लीस राजघाटासमोरील राष्ट्रीय गांधी संग्रहालयात ३० जानेवारी १९४८ च्या तीन गोळ्यांपैकी जी एक ठेवलेली आहे, तीही कारखान्यातून लाखांच्या हिशेबाने बाहेर पडणाऱ्या मालापैकीच एक. तथापि या दोन गोळ्यांसमोर उभा राहणारा मनुष्य आवाज खाली आणतो. तो कशामुळे, हा प्रश्न जुन्या लष्करी गोळ्या जमवण्याचा छंद ज्यांस आहे त्यांनी स्वतःस विचारावा असे मला वाटते; कारण या छंदाच्या बाजारात मोलाची कसोटी म्हणून जी दुर्मीळता मानली जाते, ती या ठिकाणी मुळीच लागू पडत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका क्षुल्लक निमित्ताने. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागे येताना मला एक भेट आणली : बोटाच्या पेराएवढी, शेंड्याकडे निमुळती, बुडाशी पोकळ आणि अंगावर तीन वलये कोरलेली शिशाची एक गोळी. गेटिसबर्ग गावातील एका दुकानातून त्याने ती थोडक्या डॉलरांत घेतली होती. सोबत एक छापील प्रमाणपत्र होते व त्यावर ती यादवी युद्धातील अस्सल गोळी असून व्हर्जिनियात सापडली, एवढाच मजकूर होता. व्हर्जिनिया हा महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून मोठा मुलूख. एखाद्या साक्षीदाराने कोर्टात उभे राहून आपला पत्ता ‘विदर्भ’ असा सांगावा, त्यातलाच हा प्रकार. तरी ती गोळी मी मेजावर ठेवली, आणि ती पाहून माझे एक वयोवृद्ध स्नेही म्हणाले, “अहो, लोक अत्तराच्या कुप्या जमवतात, नाणी जमवतात, तुम्हांला हीच एक वस्तू सापडली का?”

त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. जी वस्तू माणसाच्या देहात शिरावी एवढ्याच हेतूने घडवली गेली, तिला मखमलीवर मांडून तिच्या सौष्ठवाची तारीफ करणे यात अभिरुचीचा काही दोष आहे, ही शंका निर्मळ मनाची आहे. परंतु हेच गृहस्थ खंडेनवमीस आपल्या घरची जुनी तलवार पाटावर ठेवून तिला झेंडूची माळ घालतात, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्यांस वाटत नाही. तलवारीस मूठ आहे, मुठीवर नकस आहे, घराण्याचे नाव आहे. तिच्याकडे पाहताना आपल्याला ती धारण करणारा दिसतो, तिने ज्यास कापले तो दिसत नाही. गोळीचे नेमके उलट आहे. तिला मालक नाही, घराणे नाही, कोणी शाहिराने तिच्यावर पोवाडा रचलेला नाही. ती धारण करणाऱ्याची उरतच नाही, नळीतून सुटली की ज्यास लागेल त्याची होते. शस्त्रागारातील सर्व वस्तूंत हीच एक वस्तू अशी आहे की जी पाहताना युद्धाचा विचार घेणाऱ्याच्या बाजूने करावा लागतो. म्हणून शस्त्रांचा संग्रह करणे हे जर शिष्टसंमत असेल, तर त्यांतला अधिक प्रामाणिक संग्रह गोळ्यांचाच होय, असे मी त्या स्नेह्यांस म्हणालो. त्यांस ते पटले असे म्हणवत नाही.

गोळी वाचावी कशी, हे एकदा शिकले म्हणजे या छंदाची गोडी कळते. अठराव्या शतकापर्यंतची फौजी गोळी म्हणजे शिशाचा वाटोळा गोटा. शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे चुलीवरच्या पळीतही वितळते; त्यामुळे छावणीतला शिपाई शेकोटीपाशी बसून साच्यात आपल्या गोळ्या आपण ओतू शके, आणि साच्याची दोन पाळी जेथे मिळत तेथे गोळीच्या पोटावर एक बारीक रेघ उमटे, ती दोनशे वर्षांनीही बोटाला लागते. बंदुकीचे माप तरी काय? एक रत्तल शिशाच्या जितक्या समान गोळ्या होतील, तितक्या ‘बोरा’ची ती बंदूक, बारा बोराची बंदूक म्हणून आजही शेतकरी जी ओळखतो तिचे नाव याच तराजूतून आलेले आहे. इंग्रजी पलटणींच्या ज्या चकमकीच्या बंदुकांनी हिंदुस्थान जिंकून घेण्यात हातभार लावला, त्यांची नळी पाऊण इंच व्यासाची व गोळी त्याहून मुद्दाम लहान असे. कारण काही बार उडाल्यावर दारूच्या काजळीने नळी अरुंद होई आणि घट्ट गोळी गजाने ठासता ठासता शत्रू अंगावर येई. ढिली गोळी भरण्यास सोपी, पण नळीतून आपटत आपटत बाहेर पडणारी. शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम हा दैवाचा भाग. त्यामुळेच माणसे रांगा करून, छातीस छाती भिडेल अशा अंतरावर उभी राहत. त्या काळची सारी रणनीती, रंगीत अंगरखे, ढोल, एकदम झाडलेले बार, ही त्या सैल गोळीची संतती होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच कप्तानाने हा जुना पेच सोडवला. त्याने गोळी लांबट केली, बुडाशी पोकळ ठेवली व पोकळीत लोखंडाची एक लहानशी टोपी बसवली. बार होताच टोपी आत घुसे, गोळीचे बूड फुगे आणि आट्या पाडलेल्या नळीला चिकटून गोळी गरगर फिरत बाहेर पडे. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, असे परस्परविरोधी दोन गुण एका वस्तूत नांदू लागले. अमेरिकनांनी ती टोपीही अनावश्यक ठरवली. पोकळी नीट साधली तर बुडाच्या कडा बाराच्या दाबानेच पसरतात असे त्यांस आढळले, आणि माझ्या मेजावरची तीन वलयांची गोळी त्याच जातीची आहे. तिच्या साधेपणावर मन लुब्ध होते. पुढच्याच क्षणी हेही आठवते की गोट्याने जे हाड मोडे, त्याचा या गोळीने चुरा होई, आणि १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या करवतींस जे काम पडले त्याचे मुख्य कारण हीच पोकळी होती. आमच्याकडे एनफिल्डच्या ज्या काडतुसाने १८५७ मध्ये गहजब उडवला, त्याच्या चरबीविषयी सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या कागदाच्या पुडीत जी गोळी होती ती याच कुळातली, आणि तिच्यासाठीच तर तो ओशट कागद लागत होता, हे फारसे कोणी ध्यानी घेत नाही.

संग्राहकांच्या परिभाषेत गोळ्यांचे दोन वर्ग पडतात : उडालेल्या आणि पडलेल्या. उडालेली गोळी दगडावर, झाडावर किंवा देहावर आपटून चपटी, वेडीवाकडी झालेली असते. पडलेली म्हणजे शिपायाच्या थरथरत्या हातून भरताना जमिनीवर निसटलेली, किंवा कूच करताना पेटीतून सांडलेली. ती जशी साच्यातून निघाली तशीच राहते, फक्त काळाने तिच्यावर शिशाच्या क्षाराचे पांढुरके कवच चढते. हे कवच म्हणजे तिच्या वयाचा दाखला. जो नवशिका ते आम्लाने घासून काढतो, तो जुन्या मोडीच्या कागदाची शाई धुऊन कागद स्वच्छ केला म्हणणाऱ्याइतकाच शहाणा. मौज अशी की बाजारात पडलेल्या गोळीस उडालेलीपेक्षा भाव अधिक, कारण तिचे अंग अव्यंग. म्हणजे जिने कोणास काही केले नाही, जी आपल्या कामास चुकली, तीच महाग! अहिंसावाद्यांस या बाजारभावात समाधान मानण्यास जागा आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकास नाही, कारण वाकलेल्या गोळीच्या वाकण्यातच तिचे सारे निवेदन असते.

दुर्मीळतेच्या पाठी लागले म्हणजे दृष्टी कशी फिरते, याचे हे एक उदाहरण झाले. दुसरे उदाहरण व्हिटवर्थच्या गोळीचे. सर जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रविशारदाने षट्कोनी नळीची बंदूक व तीत बसणारी षट्कोनी गोळी तयार केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यातील निवडक नेमबाजांस अशा थोड्या बंदुका मिळाल्या, आणि आज त्या सहा पैलूंच्या गोळीसाठी संग्राहक माझ्या तीन वलयांच्या गोळीच्या कितीतरी पट मोबदला देण्यास राजी असतात. विल्यम्सची जस्ताची चकती लावलेली, जाताजाता नळी साफ करणारी गोळी, आत स्फोटक भरलेली गोळी, अशा इतरही जाती आहेत. आता या जाती दुर्मीळ का? तर एखाद्या कारखानदाराचा मक्ता लवकर संपला, एखादी कल्पना फसली, एखाद्या खात्याने नापसंती दर्शवली म्हणून. दुर्मीळता ही पुष्कळदा अपयशाचीच दुसरी बाजू असते. ज्या गोळीने खरोखर युद्धाचा निकाल लावला ती ढिगांनी सापडते, म्हणून ती स्वस्त. आणि जी कोणाच्या उपयोगी पडली नाही ती काचेच्या कपाटात. शिवाय शिसे चुलीवर वितळते हे ज्यास कळले त्यास षट्कोनी साचा करण्यास कितीसा वेळ लागणार? जेथे भाव आकृतीला आहे, तेथे नकल पाठोपाठ येतेच.

दंतचिन्हांच्या गोळ्यांची कथा तर या बाबतीत फारच उद्‌बोधक आहे. शिशावर दात रुतलेल्या अशा गोळ्या, वेदना सोसवेना म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी शिपायाने चावलेल्या म्हणून, करुण कहाणीसह विकल्या जात. वस्तुतः त्या युद्धात बहुतेक शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्म अथवा ईथर देऊन होत असत. आणि त्या दातांची बारकाईने पाहणी करणाऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी असा निर्णय दिला की ते दात माणसाचे नसून रानात मुळे उकरीत फिरणाऱ्या डुकरांचे आहेत. कित्येक घरांतून आजही एखाद्या डुकराचा न्याहारीचा शेष वीराच्या यातनांचे स्मारक म्हणून पूज्य होऊन बसला असेल.

मग गोळीचे मोल कशात? माझे उत्तर असे की, ती जेथे पडली त्या जागेत. फौजदारी कामकाज ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. रक्ताने माखलेला सुरा कोर्टापुढे आणून ठेवला, पण तो कोठून, कोणासमक्ष, कोणत्या स्थितीत हस्तगत झाला याचा पंचनामा नसला, तर तो मुद्देमाल राहत नाही. तो केवळ एक सुरा असतो. रणभूमीवरच्या गोळीचेही तेच. ती जमिनीत होती तोवर तिला दिशा होती, शेजार होता, खोली होती. ती खिशात आली की ती एक शिशाचा तुकडा झाली.

ही माझी कल्पना नव्हे, याला दोन भक्कम दाखले आहेत. २५ जून १८७६ रोजी मॉन्टानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी जनरल कस्टर आपल्या तुकडीसह सू व शायेन योद्ध्यांच्या हातून मारला गेला. त्याच्याबरोबरचा गोरा मनुष्य एकही सांगण्यास उरला नाही. जे उरले होते त्या योद्ध्यांच्या जबान्या शंभर वर्षे कोणी फारशा जमेस धरल्या नाहीत, आणि टेकडीवर अखेरच्या शिपायापर्यंत लढणाऱ्या वीरांचे चित्र मद्यगृहांच्या भिंतींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सर्वत्र टांगले गेले. १९८३ च्या उन्हाळ्यात वणव्याने तेथले गवत जळून माळ उघडा पडला, आणि पुढील वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रांगा त्या माळावरून चालवल्या. जेथे यंत्र वाजले तेथे निशाण रोवायचे, जागा मोजून नकाशावर चढवायची, मगच वस्तू उचलायची, असा शिरस्ता त्यांनी घातला. गोळ्यांवरील आट्यांच्या खुणा व काडतुसांच्या बुडावरील चापाचे ठसे पोलिसांच्या प्रयोगशाळेच्या पद्धतीने ताडून पाहता, एकच बंदूक माळावर कोठून कोठे सरकत गेली हे पावलोपावली दाखवता येऊ लागले. त्यातून निघालेला निष्कर्ष चित्रकारांस रुचण्यासारखा नव्हता : शिस्तीची फळी लवकर मोडली होती, आणि योद्ध्यांपाशी शिपायांच्या एकबारी बंदुकांहून वेगाने चालणाऱ्या हेन्री व विंचेस्टर बंदुका बऱ्याच होत्या. योद्ध्यांच्या जबान्यांस शिशाने दुजोरा दिला.

दुसरा दाखला इंग्लंडातील. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला व ट्यूडर घराणे गादीवर आले, ही तेथील इतिहासातील केवढी मोठी घटना! अ‍ॅम्बियन टेकडी हेच ते रण असे धरून तेथे माहितीकेंद्रही उभारले गेले. पण २००५ पासून ग्लेन फोअर्ड यांच्या देखरेखीखाली आसपासची शेते यंत्रांनी पिंजून काढली, तेव्हा शिशाचे गोळे सापडले ते त्या टेकडीपासून सुमारे ३ किलोमीटरांवर, दलदलीच्या सखल भागात. मूठभर शिशाने राजाचे मरणस्थान हलवले. ते गोळे एखाद्या छांदिष्टाने पूर्वीच वेचून नेऊन घरी मांडले असते, तर त्याचा संग्रह खचित अपूर्व झाला असता, आणि लढाई मात्र चुकीच्या टेकडीवरच राहिली असती.

येथे छांदिष्टांवर सर्व दोष ढकलून मोकळे होणे अन्यायाचे होईल. या दोन्ही मोहिमांत यंत्र कानाला लावून मैलोगणती चालण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पदवीधरांपेक्षा हौशी मंडळीच पुष्कळ होती. गोळीची जात एका नजरेत सांगण्याचे ज्ञानही विद्यापीठांपेक्षा त्यांच्यापाशीच अधिक साठलेले आहे. उणीव ज्ञानाची नसून टिपणवहीची आहे. तारीख, शेत, खोली आणि शेजारी काय सापडले, या चार ओळी ज्याने लिहून ठेवल्या, त्याच्या आगपेटीतली चेपलेली गोळी मी व्हिटवर्थच्या षट्कोनापेक्षा थोर मानीन.

आमच्याकडे हा छंद रुजला नाही याचे एक कारण गरिबी हे आहे. शिसे ही येथे वितळवून पुन्हा वापरण्याची चीज होती, आणि गडाच्या उतारावर पावसाने उघडी पडलेली गोळी मासेमाऱ्याच्या जाळ्याला वजन म्हणून लागली तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे कारण कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. पूरक भागांसह वापरण्याचा इरादा नसलेल्या किरकोळ भागांस सूट आहे खरी, पण ही सूट ठाणेदारास समजावून सांगण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये. जिवंत काडतूस तर कितीही जुने असो, हाती लागताच पोलिसांस कळवावे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी असे १८७८ चा कायदा सांगतो, आणि संरक्षित गडावर खणणे हा निराळाच अपराध.

तरीही या विषयाच्या जागतिक इतिहासात आमच्या भूमीचे नाव कायमचे कोरले गेले आहे, आणि ते गौरवाने नव्हे. कलकत्त्यानजीकच्या दमदमच्या कारखान्यात १८९६ च्या सुमारास कप्तान बर्टी-क्ले याने अशी गोळी काढली की जिच्या शेंड्यावरचे कठीण आवरण काढून आतले शिसे उघडे ठेवलेले असे, जेणेकरून ती देहात शिरताच पसरावी. सरहद्दीवरील टोळीवाले साध्या गोळीने थांबत नाहीत, ही फौजेची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेत या गोळीवर बंदीचा ठराव आला, तेव्हा सुसंस्कृत शत्रू आणि रानटी शत्रू यांच्या देहांत फरक करणारे समर्थन इंग्रज प्रतिनिधीने गंभीर चेहऱ्याने मांडले. ठराव झाला, पण इंग्लंडने तो मान्य केला १९०७ मध्ये. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. मराठी बखरींच्या वाचकास हा फार्सी शब्द परका नाही, आणि त्या गावाचे नावही त्याच शब्दापासून आले म्हणतात. मोर्च्याचा हा बापुडा शब्द जगातील सर्व भाषांत क्रौर्याचा पर्याय होऊन बसावा, हे त्याचे दुर्दैव. आमच्या खडकीचा कारखाना १८६९ चा, तेथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावरील ‘के’ व ‘एफ’ ही दोन अक्षरे परदेशचे संग्राहक भिंगाखाली धरून ओळखतात, पण पुण्याच्या रहिवाशास ती ठाऊक असतात असे नाही.

आणि एक जागा अशी आहे की जेथे गोळी नाही, तिचे घर मात्र राखलेले आहे. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरने १,६५० फैरी झाडवल्या. हा आकडा आपल्याला इतका बिनचूक ठाऊक आहे तो खर्ची पडलेल्या काडतुसांचा हिशेब फौजेच्या दफ्तरी चोख राहतो म्हणून. मेलेल्या माणसांचा सरकारी आकडा, ३७९, ठरवण्यास मात्र महिने लागले, आणि तो पुरा आहे असे कोणी मानीत नाही. तेथल्या विटांच्या भिंतीत गोळ्यांनी पाडलेली भोके चौकटी आखून जपलेली आहेत. ती पाहताना मला माझ्या मेजावरच्या गोळीची व तिच्या प्रमाणपत्राची आठवण झाली. उद्या कोणी त्या १,६५० पैकी एक म्हणून एखादी गोळी मजपुढे आणून ठेवली, तर मी त्यास प्रथम विचारीन की ती कोणत्या भिंतीतून निघाली, जमिनीपासून किती हात उंचीवर होती, आणि काढताना कोण हजर होते. आणि हे त्यास सांगता आले नाही, तर तिची किंमत मी विचारणार नाही.